एप्रिल 2021, निफाड तालुका : एका कोविड पेशंटचं पूर्ण प्रकरण आणि घरच्यांना करावी लागलेली धावपळ

पेशंट माझे मामा. वय 63, शुगर बरीच वर्षं, मार्चमध्ये कोविशील्डचा पहिला डोस झालेला, राहणार नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या एका गावात, घरी मामी, मामेभाऊ (आम्ही त्याला दादाच म्हणतो), वहिनी आणि दोन लहान पोरं. मामा वाचले, हे आधीच सांगून टाकते. मला त्या पंधरवड्यात सरकारी यंत्रणेने काय केलं, काय केलं नाही, आणि घरच्यांच्या काळजीला कुठल्या दिशेने पळायला लावलं, हे नीट लिहून ठेवायचंय. त्या वर्षी जवळपास प्रत्येक घरात असं काहीतरी झालं आणि आता सगळे ते विसरायच्या मागे आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं की सरकारी ऑर्डर कमी पडल्या नव्हत्या, ऑर्डर ढिगाने निघत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्याही होत्या. पण पेशंटच्या घरी फोन करून "आता घरी थांबू नका, अमुक ठिकाणी जा, तिथे बेड ठेवलाय" असं सांगणारं कुणी नव्हतं. ती जागा रिकामी राहिली की तिथे घरचे उभे राहतात, आणि घरच्यांना औषधातलं काही कळत नसतं, त्यामुळे हातात जी चिठ्ठी पडेल तिच्यामागे ते जीव तोडून पळतात.

पहिला आठवडा

11 एप्रिलला, रविवारी, मामांना ताप आला. उन्हाळ कांद्याची काढणी चालू, शेतात माणसं, ऊन कडक, त्यामुळे दोन दिवस सगळ्यांनी उन्हाचाच ताप धरला. मंगळवारी पाडवा होता, गुढी उभी केली आणि दादा मामांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेला. अँटिजेन निगेटिव्ह आली. लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच हा नियम होता आणि तिथल्या लोकांनी तो पाळला, स्वॅब घेतला, गोळ्या दिल्या, घरी वेगळं राहा म्हणून सांगितलं. इथपर्यंत कुणाची काहीच तक्रार नाही.

घरी वेगळं राहायचं म्हणजे काय तर ओसरीतली एक खोली मामांना दिली, संडास-बाथरूम सगळ्यांना एकच, मामी दारात ताट ठेवून मागे सरकायची. दुसऱ्या दिवशी रात्री 8 पासून राज्यात कडक निर्बंध लागले. मी पुण्यात, मला जाता येईना, आणि गेले असते तरी त्या घरात अजून एक माणूस कशाला, म्हणून मी फोनवर राहिले.

आता या आठवड्यातली खरी अडचण म्हणजे रिपोर्ट. स्वॅब 13 ला दिलेला, रिपोर्ट आला 19 ला. लॅबवर एवढा लोड होता की कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण रिपोर्ट हातात नाही म्हणजे तुम्ही सरकारच्या हिशोबात पेशंटच नाही. कुणी फोन करत नाही, कुठल्या यादीत नाव नाही, हॉस्पिटलला विचारलं की पहिला प्रश्न रिपोर्ट आहे का. दाखल करून घ्यायला पॉझिटिव्ह रिपोर्टची सक्ती नको, संशयित पेशंटलाही घ्या, हे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं 8 मेला. मामांना गरज होती एप्रिलच्या मध्यात. अगदी साधी गोष्ट होती ही, पैसा लागणार नव्हता, टँकर लागणार नव्हते, फक्त एक परिपत्रक तीन आठवडे आधी निघायला हवं होतं.

आणि त्या दिवसांत टीव्ही लावला की काय चालू होतं ते पण लिहिते. 17 एप्रिलला राज्याचे मंत्री नवाब मलिक म्हणत होते की निर्यातदार कंपन्यांना महाराष्ट्राला रेमडेसिविर (तेव्हा कोविडवर दिलं जाणारं इंजेक्शन) देऊ नका असं केंद्राने सांगितलंय, केंद्रातले मंत्री मनसुख मांडविया ते खोडून काढत होते, दिवसभर तेच. मामी टीव्हीसमोर बसून मला फोनवर विचारते, "अगं पण आपल्या मामांनी जायचं कुठं, ते कुणी सांगतंय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि टीव्हीवर कुणालाच तो प्रश्न पडलेला नव्हता.

18 एप्रिल

या तारखेला महाराष्ट्रात एका दिवसात 68,631 नवीन पेशंट सापडले, दुसऱ्या लाटेतला राज्याचा सगळ्यात मोठा आकडा. त्याच संध्याकाळी गावातल्या आशाताई (आशा स्वयंसेविका) मामांच्या दारात आल्या. त्यांच्याकडे 2020 च्या सप्टेंबरमधल्या माझे कुटुंब माझी जबाबदारी मोहिमेतला ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) होता, तोच घेऊन त्या ताप आलेली घरं फिरत होत्या. मामा खाटेवर बसलेले, बोलत होते, दम लागतोय असं काही म्हणत नव्हते. बोटाला लावला तर 93. दादाला वाटलं ठीक आहे, दोन-तीनचा तर फरक. आशाताई म्हणाल्या, "काका, उठा जरा, इथल्या इथं सहा मिनिटं चालून दाखवा."

चालून झाल्यावर 88.

ही सहा मिनिटं चालायची टेस्ट आरोग्य खात्याने त्याच महिन्यात लोकांना सांगायला सुरुवात केली होती. कोविडमध्ये ऑक्सिजन खाली गेला तरी माणसाला सुरुवातीला दम लागत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि त्यातच घरचे फसतात. बसल्या जागी 94 च्या खाली गेलं की हॉस्पिटल आणि चालल्यावर आकडा धाडकन उतरला तरी हॉस्पिटल, एवढं एक वाक्य प्रत्येक घरात पोचलं असतं तर किती माणसं वेळेत पोचली असती याचा विचार मला अजून त्रास देतो. आशाताईंनी मामीला सांगितलं, "काकू, रिपोर्टची वाट नका बघू, आजच्या आज हलवा." या सगळ्या प्रकरणात सरकारचा म्हणावा असा सगळ्यात उपयोगी निर्णय या बाईने ओसरीत उभं राहून घेतला.

मग बेड. जिल्ह्याच्या वेबसाईटवर बेड हिरवे दिसायचे, फोन लावला की लागायचा नाही, लागला तर "ऑक्सिजनचा बेड नाही, साधा आहे". दादा गाडीत मामांना मागच्या सीटवर बसवून नाशिकच्या रस्त्याला लागलेला, मी पुण्यातून फोन लावतेय, माझी आई संगमनेरहून फोन लावतेय, म्हणजे एकाच घरातली तीन माणसं तीन गावांत बसून त्याच दहा नंबरांवर एकमेकांच्या लाईनी अडवतोय. अशी किती घरं त्या रात्री तेच करत असतील. शेवटी शहराच्या अलीकडच्या एका खाजगी हॉस्पिटलने आधी एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, करून आणा म्हणून सांगितलं, स्कोअर 25 पैकी 11 आला, आणि त्या कागदावर रात्री उशिरा दाखल करून घेतलं.

या स्कोअरबद्दल जरा बोलायलाच पाहिजे. त्या महिन्यात लोक एकमेकांना तब्येत विचारत नव्हते, स्कोअर विचारत होते. 11 म्हणजे किती वाईट, अमक्याचा 18 होता तो घरी आला, तमक्याचा 7 होता तो गेला. स्कोअर फुप्फुसात किती भाग धरलाय ते सांगतो, पण माणसाला आत्ता किती ऑक्सिजन कमी पडतोय हे ऑक्सिमीटर सांगतो, आणि तो आकडा तासातासाला बघता येतो. एम्सचे तेव्हाचे डायरेक्टर रणदीप गुलेरिया यांनी सौम्य लक्षणांत उगाच सीटी करू नका असं 3 मेला जाहीरपणे सांगितलं. तोपर्यंत सीटी सेंटरबाहेर रांगा लागून लागून लोक त्या रांगेतच आजारी पडत होते.

चिठ्ठी

दाखल झाल्यावर पहिल्याच सकाळी दादाच्या हातात चिठ्ठी आली, रेमडेसिविर सहा इंजेक्शनं, नातेवाईकांनी आणायची.

या वेळेपर्यंत रेमडेसिविर मेडिकल दुकानातून विकायचं नाही, जिल्हा प्रशासनामार्फत थेट हॉस्पिटलला द्यायचं, नातेवाईकांना पळवायचं नाही अशा सूचना निघालेल्या होत्या. 11 एप्रिलला केंद्राने निर्यात बंद केली होती, 17 ला कंपन्यांनी किमती उतरवल्या होत्या, एका ब्रँडची किंमत 2800 वरून 899 झाली होती. कागदावर सगळं बरोबर. पण चिठ्ठी काही थांबली नाही. डॉक्टरांच्या बाजूने बघितलं तर त्यांच्याकडे मागणीच्या मानाने थोडा साठा येणार आणि नातेवाईक विचारणार की तुम्ही प्रयत्न केला का, म्हणून तेही चिठ्ठी लिहून मोकळे होत होते. त्यांच्यावर किती ताण होता ते मी बघितलंय, पण एकदा चिठ्ठी दिली की घरच्यांच्या डोक्यात एकच समीकरण बसतं, इंजेक्शन मिळालं तर मामा वाचले, नाही मिळालं तर आपल्यामुळे गेले.

आणि हे समीकरण खोटं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या नोव्हेंबरमध्येच दाखल पेशंटना रेमडेसिविर देऊ नका असा सल्ला दिला होता, कारण मृत्यू कमी होतात असा पुरावा मिळाला नव्हता. राज्याच्या कोविड टास्क फोर्समधले डॉक्टरही हे जीव वाचवणारं औषध नाही असं सांगत होते. उलट ज्याने खरंच मृत्यू कमी होतात असं 2020 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं होतं, ते डेक्सामिथासोन, एक स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. अगदी स्वस्त औषध, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. मामांना ते पहिल्या दिवसापासून चालू होतं. पण त्याच्यासाठी कुणाला पळावं लागलं नाही म्हणून घरात कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

दादा दोन दिवस हॉस्पिटलच्या बाहेरच होता असं म्हणायला हरकत नाही, नाशिक, सिन्नर, कोपरगाव, कुणाच्या ओळखीने कुठे एक मिळतं का बघत. काळ्या बाजारात एकाचे किती हजार सांगत होते ते लिहित नाही, वाचून पुन्हा संताप होईल. त्याच दोन दिवसांत मामांजवळ बसून त्यांना पालथं झोपायला (त्याने ऑक्सिजन सुधारतो) मदत करणारं, पाणी पाजणारं, शुगर किती आली हे सिस्टरला विचारणारं कुणी नव्हतं. काही इंजेक्शनं हॉस्पिटलच्या कोट्यातून आली, कोर्स जेमतेम पूर्ण झाला. मला वाईट वाटतं ते दादाच्या त्या दोन दिवसांचं.

21 एप्रिल

बुधवारी दुपारी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, सप्लाय खंडित झाला आणि व्हेंटिलेटर-ऑक्सिजनवरचे 22 पेशंट त्या दिवशी गेले, नंतर आकडा 24 झाला. पांढऱ्या धुराचे ते व्हिडिओ अर्ध्या तासात प्रत्येक फोनवर होते. आमचे मामा दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होते, पण नाशिक आणि ऑक्सिजन एवढे दोनच शब्द ऐकून मामीचे हातपाय गार पडले, आणि दादाचा फोन लागेना.

दादा सापडला तेव्हा तो हॉस्पिटलच्या गेटवर सिलेंडर मोजत होता. तिथे मोठी टाकी नव्हती, जंबो सिलेंडरवर काम चालायचं. एका जंबो सिलेंडरमध्ये साधारण 7000 लिटर ऑक्सिजन असतो. मामांना मिनिटाला 10 लिटर चालू होता, म्हणजे त्यांच्या एकट्यासाठी एक सिलेंडर पावणेबारा तास. हाय फ्लो मशीनवरचा पेशंट मिनिटाला 60 लिटरपर्यंत घेतो, त्याला तोच सिलेंडर दोन तासही पुरत नाही. असे वीस-पंचवीस पेशंट एका मजल्यावर असले की दिवसातून कितीदा गाडी यायला लागते याचा हिशोब दादाने तिथेच उभ्या उभ्या केला आणि त्याच्या लक्षात आलं की ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तरी माणसं जाऊ शकतात. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलने नातेवाईकांकडून लिहून घेतलं की ऑक्सिजन संपल्यास पेशंट हलवावा लागेल, हॉस्पिटल जबाबदार नाही. सही केली. कुठे हलवणार होतो?

राज्यात तेव्हा रोज 1250 टनांच्या आसपास ऑक्सिजन तयार होत होता, तो सगळाच्या सगळा दवाखान्यांकडे वळवला होता आणि तरी पुरत नव्हता. बाहेरून आणायचा तर लांबून. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून 19 ला विशाखापट्टणमला पाठवले, ते भरून नागपूरमार्गे 24 ला नाशिकला पोचले. भरलेले टँकर विमानाने नेता येत नाहीत, रिकामे नेता येतात, त्यामुळे येताना रूळ किंवा रस्ता हाच मार्ग. रेल्वेने चांगलं काम केलं. पण 2020 च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या लाटेतच ऑक्सिजनची ओढाताण झाली होती, तेव्हापासून सहा-सात महिने मिळाले होते.

आणि ते महिने वापरता येत होते याचा पुरावा आमच्याच विभागात आहे. नंदुरबार, आदिवासी जिल्हा, नाशिक विभागातलाच. तिथले तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, 2020 च्या सप्टेंबरमध्ये हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट बसवला आणि पुढे आणखी वाढवले, एप्रिलमध्ये त्यांच्याकडे मिनिटाला 2400 लिटरची सोय होती. ते स्वतः डॉक्टर आहेत, म्हणून त्यांना आधी दिसलं असं लोक म्हणतात. असेल. पण बाकीच्यांना दाखवायला आरोग्य खातं होतंच की.

मुंबईत काय वेगळं होतं

मुंबईत माझी चुलत नणंद त्याच महिन्यात पॉझिटिव्ह आली, तिला वॉर्डातून फोन आला. महापालिकेने 2020 च्या जूनपासून 24 वॉर्डांत 24 वॉर रूम केल्या होत्या, लॅबचे रिपोर्ट आधी महापालिकेकडे, तिथून वॉर्डाकडे, मग वॉर्डातला डॉक्टर फोन करून लक्षणं विचारणार आणि बेड कुठला ते तोच ठरवणार. 17 एप्रिलच्या पहाटे ऑक्सिजन कमी पडतोय म्हटल्यावर सहा हॉस्पिटलमधले 168 पेशंट रातोरात हलवले, कारण कुठे किती बेड आणि कुठे किती साठा हे एका ठिकाणी दिसत होतं. मुंबईतही सगळ्यांचं भलं झालं असं नाही, तिथेही फोन न लागलेले लोक आहेत. पण चिंता करायचं काम निदान वाटून घेतलेलं होतं.

निफाडच्या माणसाचं बघा. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल राज्याच्या आरोग्य खात्याकडे, शहरातली मोठी कोविड हॉस्पिटलं महापालिकेकडे, खाजगी बेड कलेक्टरांच्या आदेशाखाली. आशाताईंनी 88 बघितला, पण तो आकडा बेड वाटणाऱ्यापर्यंत जायचा रस्ताच नव्हता, तो आकडा घेऊन दादालाच गाडी काढावी लागली. पैशाने किंवा माणसांनी तालुका मुंबईची बरोबरी करू शकत नाही हे मान्य, पण तालुक्याला एक नंबर, त्यावर एक डॉक्टर आणि समोर पन्नास किलोमीटरमधल्या बेडची खरी यादी, एवढं जमलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

नंतर

22 एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने पालथं झोपण्याची चित्रं असलेलं माहितीपत्रक काढलं, मी ते दादाला पाठवलं, त्याने सिस्टरना दाखवलं, त्या म्हणाल्या झोपवा, आम्हाला प्रत्येकाजवळ थांबायला जमत नाही. मामा दोन-दोन तास पालथे झोपायला लागले आणि 25 नंतर ऑक्सिजन हळूहळू कमी करता आला. डेक्सामिथासोनमुळे शुगर चारशेच्या वर गेली, इन्सुलिन चालू झालं, आणि मग मे महिन्यात म्युकरच्या (शुगरवाल्यांना कोविडनंतर नाका-डोळ्यांत होणाऱ्या बुरशीच्या) बातम्या यायला लागल्या तेव्हा घरी आलेल्या मामांच्या नाकात, दातात, डोळ्यांत बॅटरी मारून बघायचं काम मामीने रोज केलं.

बिलाचं सांगते. खाजगी हॉस्पिटलमधले 80 टक्के बेड सरकारी दराने, साधा वॉर्ड दिवसाला 4000, व्हेंटिलेटर नसलेला आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसकट 9000, असा राज्याचा आदेश 2020 च्या मे महिन्यापासून होता. महात्मा फुले योजनाही सगळ्यांना लागू केलेली होती, पण योजनेत बसलेलं हॉस्पिटल आणि त्यात बेड मिळायला हवा ना. आमच्या बिलात पीपीई किट रोज वेगळे लावलेले होते. दादाने बिलं तपासणाऱ्या सरकारी ऑडिटरकडे कागद दिले आणि काही रक्कम परत मिळाली. ज्यांना हा आदेश माहीत नव्हता त्यांनी सोनं गहाण ठेवून पूर्ण बिल भरलं, अशी आमच्या गावातच घरं आहेत. बिलाच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात दर लावणं कुणाला अवघड होतं?

मामांचा दुसरा डोस पुढे गेला, कारण 19 मेला नियम आला की बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. तो पाळला.

आणि 15 जूनला राज्यातल्या आशा संपावर गेल्या. कोविडच्या कामासाठी त्यांना केंद्राकडून महिन्याला 1000 रुपये मिळत होते. त्या हजार रुपयांत ती बाई ताप आलेल्या घरांत शिरत होती, आणि तिच्या स्वतःच्या घरी म्हातारी सासू होती. साधारण आठवडाभराने 1500 रुपयांच्या वाढीवर संप मिटला. संप चालू असताना मी मामीला फोनवर विचारलं की आशाताई मामांना बघायला येतात का, तर मामी म्हणाली, "नाही येत, आणि मीच म्हटलं नको येऊस, आधी तुझे पैसे घे त्यांच्याकडून."